डाव्या दाराची फट

४ मार्च

मामा,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र भरपूर आहे, तेव्हा आधी चष्मा पुसून घे.

फोन करून उपयोग नाही हे मला कळून चुकलंय. मागच्या वेळी मी पंधरा मिनिटं घसा फोडला आणि शेवटी तू "बरं, लिहून पाठव" म्हणून फोन ठेवलास. चाळीस वर्षं गॅरेजात पत्रे ठोकल्यावर कानांचं दुसरं काय होणार? तर लिहून पाठवतेय.

मी गाडी घेतेय. सामान आणायची, चार दारांची, शहाण्यासारखी गाडी नव्हे. दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स गाडी, तुझ्या गॅरेजात एकदा दुरुस्तीला आली होती तसली. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि तू मला तिच्यात बसवलं होतंस. पाय खालपर्यंत पोचत नव्हते. आता पोचतात. वय एक्कावन्न झालं, लेक शिकून नोकरीला लागली, दुकानात कापायला बेतायला दोन बायका आहेत. सत्तावीस वर्षं लोकांच्या लग्नाचे कपडे शिवले, मामा. स्वतः कुठे म्हणून गेले नाही. एकदा तरी टप उघडं टाकून घाटातून जायचंय, शेजारी लेक बसवून. वेडेपणा आहे हे मला माहीत आहे, ते लिहायला कागद वाया घालवू नकोस.

लेकीने इंटरनेटवर शोधून तीन जाहिराती काढल्यात. त्यांचे फोटो छापून सोबत जोडते. पहिली लाल, दुसरी पिवळी, तिसरी गडद हिरवी. माझं मन हिरवीवर आहे, पण तुझं मत आल्याशिवाय मी कुणाला दमडी देणार नाही. गाड्यांतलं मला काय कळतं? मला कळतं कापडातलं.

मामीला नमस्कार. ती हे पत्र तुझ्या आधी वाचणार हे मला ठाऊक आहे.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

पत्र पोचलं. मामीने आधी वाचलं, मग मोठ्यानं हसली, मग मला दिलं. मी भिंग घेऊन फोटो बघितले.

लाल गाडीपासून सुरुवात करतो. सगळे फोटो पाऊस पडून गेल्यावर काढलेत, बघितलंस का? ओला झाला की जुनापुराणा रंगही नव्यासारखा चकाकतो. कोरडी गाडी दाखव म्हणावं. शिवाय आठही फोटो उजव्या बाजूचे. डावी बाजू काय पडद्यात असते? खाली लिहिलंय, "किरकोळ काम बाकी". जाहिरातीतलं किरकोळ काम म्हणजे इंजिन सोडून सगळं. आणि "गाडी चालू होते" असं लिहिलंय. चालते असं कुठेही लिहिलेलं नाही. थांबते असं तर नाहीच नाही.

पिवळीचा मालक म्हणतो मी परदेशी असतो, इसार पाठवा, माझा माणूस गाडी घरपोच आणून देईल. आता भिंग लावून तिसरा आणि पाचवा फोटो बघ. एकात मागची झाडं निष्पर्ण, दुसऱ्यात पानांनी भरलेली. आणि खाली लिहिलंय "फोटो कालच काढले". एकीची चाकं तारांची, दुसरीची पत्र्याची. या माणसाकडे गाडी नाहीये, फक्त फोटो आहेत. त्याला इसार पाठवलास तर त्या बदल्यात तुला फोटोच मिळतील, आणि ते तुझ्याकडे आधीच आहेत. न बघितलेल्या वस्तूचा इसार द्यायचा नाही. विकणारा घाई करायला लागला, "आणखी तिघं रांगेत आहेत" म्हणाला, तर आपण म्हणायचं, मग त्यांचं आधी होऊन जाऊ दे.

तिसरी घेऊ नकोस.

बाकी इकडे ठीक. मामीचा गुडघा बरा आहे.

मामा


१४ मार्च

मामा,

वा. लालीला अर्धं पान, पिवळीला त्याहून जास्त, आणि माझ्या हिरवीला तीन शब्द. तू भांडकुदळ आहेस, तुसडा आहेस, पण कंजूष कधी नव्हतास, निदान शब्दांच्या बाबतीत तरी. कुठेतरी पाणी मुरतंय.

हिरवीचा मालक निवृत्त दाताचा डॉक्टर आहे. आमच्यापासून तासाभरावर राहतो. मी त्याच्याशी फोनवर बोलले. एकोणतीस वर्षं गाडी त्याच्याचकडे आहे. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून विकतोय. बसायला जमतं, म्हणाला, पण उठायला दोन शेजारी बोलवावे लागतात. इसार मागितला नाही, घाई केली नाही, उलट म्हणाला, कधीही या आणि हवं त्याला घेऊन या. कोरडे फोटो, दोन्ही बाजूंचे. रांग नाही, परदेश नाही. आता सांग, घोडं कुठे पेंड खातंय?

नुसतं "नको" म्हणायला मी आता बारा वर्षांची नाही. काय काय तपासायचं ते सविस्तर लिही. एका जरी परीक्षेत नापास झाली तर मी नाद सोडते. शब्द देते.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरी,

ठीक आहे. लिहितो.

सकाळी लवकर जा आणि कळवून जाऊ नकोस. पोचल्या पोचल्या पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, त्यानं आधीच चालू करून ठेवली होती आणि थंड असताना ती आढेवेढे घेते. थंड असेल तर तुझ्यासमोर चालू करायला लाव आणि मागे जाऊन धूर बघ. पांढुरका धूर येऊन विरला तर हरकत नाही. निळा येत राहिला तर निघून ये, चहा घेत बसू नकोस.

लोहचुंबक रुमालात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, भोक बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टीचा लगदा, थापलेला आहे. आतला गालिचा उचल आणि खालच्या पत्र्यावर अंगठा दाब. करकरला तर गंज. चासीचा आणि इंजिनचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघ, त्यानं वाचून दाखवला म्हणून विश्वास ठेवू नकोस. कागदावरचं नाव त्याचंच आहे का बघ. टप लावून वरून बादलीभर पाणी ओतायला सांग. तो नको म्हणाला तर त्याला माहीत आहे कुठे गळतंय. त्याच्या ओळखीच्या नव्हे, तुझ्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखव, खालून उचलून. अर्धा तास चालव. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धर आणि कुठे ओढते का बघ. आणि ब्रेकचे सुटे भाग कुठून आणतो ते विचार. या गाड्या घेताना परवडतात, पाळताना नाकापेक्षा मोती जड होतो.

आणखी एक. काडेपेटीतली एक काडी घे. डावं दार बंद कर आणि दाराच्या मागच्या कडेच्या फटीत ती वरून खालपर्यंत सरकव. कळव मला.

मामा


२५ मार्च

मामा,

आता नीट बस, कारण मी तुला उठून नाचायला लावणार आहे.

न कळवता गेले. सकाळी साडेसातला. डॉक्टर दारात उभा राहून दात घासत होता, अगदी पुस्तकात दाखवतात तसे, गोल गोल. बॉनेट बर्फासारखं थंड. दुसऱ्या फटक्यात चालू झाली. पांढुरका धूर, तो विरला. लोहचुंबक फिरवलं तर असं चिकटायचं की काढायला नख लागायचं. कुठेही लांबी नाही. अंगठा दाबून दाबून दुखायला लागला, एकदाही करकर नाही. नंबर जुळले, नाव जुळलं. पाणी त्यानं स्वतः ओतलं, दोन बादल्या, आणि थेंब आत आला नाही. ब्रेकच्या भागांची त्याच्याकडे वही आहे, दुकानांच्या पत्त्यांसकट. रोज मऊ ब्रशने चाकांच्या तारा घासतो. धंदा सुटला तरी सवय सुटत नाही.

मग आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली. त्यानं उचलून खालून बघितली. खाली जाड काळा थर दिलाय, गंज लागू नये म्हणून, तो कुठेही सुटलेला नाही. बराच वेळ तो पत्र्यावरून हात फिरवत राहिला आणि म्हणाला, हिचं काम कधीतरी कुणीतरी केलेलं आहे, पण ज्यानं केलं त्याचे पाय धरायला हवेत, आता असे हात राहिले नाहीत. मी म्हटलं, माझा मामा असाच होता.

आणि तुझी काडी. वर सहज सरकली आणि खाली येता येता अडकली, फट तिथे अरुंद. केसभर. डॉक्टरला एकोणतीस वर्षांत दिसलं नव्हतं. शंभर मैलांवरून, छापलेल्या फोटोवरून, भिंगातून तुला ते दिसलं. मी सगळ्यांना सांगत सुटलेय. दुकानातल्या बायका म्हणतात, तुमच्या मामाला बोलवा, आम्हालाही फोटो दाखवायचेत.

मग मी चालवली. मामा, मला रडू आलं. कशाचं ते विचारू नकोस. एवढं खाली बसून, एवढ्या वाऱ्यात, मी स्वतः एक गोष्ट स्वतःसाठी करतेय एवढंच मनात होतं. लेक शेजारी बसून ओरडत होती.

इसार देऊन आले. पाच तारखेला, शनिवारी, बाकीचे व्यवहार.

तुझी विद्यार्थिनी,
भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं.

अजूनही सांगतो, घेऊ नकोस. हिरवा रंग उन्हात तापतो. खाली बसून तुझी पाठ धरेल, तुला मागच्या वर्षी त्रास झाला होता. पावसात टप किती वेळा काढणार-घालणार? मामीसुद्धा म्हणते की या वयात लोक हसतील. इसार गेला तर गेला. तू शिवणयंत्र चालवतेस तेच तुला शोभतं.

मामा


३१ मार्च

मामा,

मामीला मी फोन केला. ती असं काही म्हणालेली नाही. ती म्हणाली की तू दोन दिवस जेवला नाहीस आणि मांजरावर खेकसतोस.

तुला काय झालंय? तुझ्या सगळ्या परीक्षा मी दिल्या. सगळ्यांत पास झाले. आता तू रंग काढतोस, पाठ काढतोस, वय काढतोस. आणि ते शिवणयंत्राचं जे लिहिलंस ते मला लागलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हसून सोडलं असतं. तू लिहिलंस.

मी कापड हातात धरलं ते तुझ्यामुळे. सुट्टीत तुझ्या गॅरेजात बसून बघायचे, दाराच्या आतल्या बाजूचा पत्रासुद्धा तू घासून गुळगुळीत करायचास. मी विचारलं, हे कोण बघणार? तू म्हणालास, "बाहेरची बाजू गिऱ्हाइकाची, आतली आपली." माझ्या बेतायच्या टेबलावर तो कागद सत्तावीस वर्षं चिकटवलेला आहे. नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी तो वाचायला लावते, मग कात्री देते. मला वाटलं होतं की माझ्यासाठी सगळ्यांत जास्त आनंद तुला होईल.

असो. शनिवारी गाडी माझी होतेय. रविवारी पहाटे लेकीला घेऊन घाटातून निघणार आणि दुपारी तुझ्या दारात उभी राहणार. मग तोंडावर सांग काय ते.

भिंगरी


३ एप्रिल, दुपार

भिंगरी,

तुझं पत्र आत्ता पोस्टमनने दिलं. रविवारी घाटातून येणार हे वाचलं आणि मामीला सगळं सांगून टाकलं. मामी म्हणाली, मी फोन करून सांगते तिला. मी म्हटलं, नको. माझी चूक आहे, माझ्या हातानं लिहितो, पोस्टावर भरवसा नाही, तू स्वतः नेऊन दे. ती उद्याच्या पहिल्या बसने निघतेय. ती पोचेल तेव्हा हे वाच आणि वाचेपर्यंत त्या गाडीत पाऊल ठेवू नकोस.

ती गाडी एक नाही. दोन आहेत. पुढची अर्धी एकीची, मागची अर्धी दुसरीची. मी जोडली.

तीस वर्षं झाली. आमच्या गॅरेजच्या मालकाने दोन मोडक्या गाड्या विकत आणल्या. एक पुढून झाडावर गेलेली, दुसरीला मागून ट्रकनं चिरडलेलं. तो मला म्हणाला, यांतून एक निघेल का? नाही म्हणायला हवं होतं. अशी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची नसते. जोरात धक्का बसला की जिथे जोडली तिथेच सुटते. मला हे माहीत होतं. पोटासाठी केलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. मालकाने जबरदस्ती केली नव्हती, मी नाही म्हटलं असतं तर त्यानं भंगारात दिल्या असत्या. मी केलं ते मिजाशीपायी. मला बघायचं होतं की मला जमतं का. मला जमलं. तीन महिने लागले. दोन्ही दारांखालच्या पेट्या, मधला फरशीचा पत्रा आणि त्यातला बोगदा, म्हणजे दोन सीटांमधला लांबट उंचवटा, असे चार जोड. लांबी वापरली नाही, सगळं ठोकून आणलं, म्हणून तुझं लोहचुंबक चिकटलं. नंबर पुढच्या अर्ध्या भागावर असतात आणि इंजिनही पुढेच, म्हणून ते जुळले. जोड झाकायला खालून तो काळा थर मीच दिला. फक्त डावं दार तेवढं केसभर खाली बसेना. आठवडाभर त्याच्याशी झटलो. मग मालक म्हणाला, पुरे, कुणाला दिसत नाही. आणि त्यानं ती विकली. कुणाला ते मी विचारलं नाही.

तुझ्या पहिल्या पत्रातला फोटो बघितला त्या क्षणी मी ती फट ओळखली. तरी तुला तीन शब्द लिहिले. मग तुला परीक्षा लिहून पाठवल्या, या आशेनं की तीस वर्षांत काहीतरी सुटलं असेल, कुठेतरी गंज फुटला असेल, ती नापास होईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तू लिहिलंस सगळ्यांत पास. तुझ्या मेकॅनिकने पाय धरायला हवेत म्हटलं ते मी चार वेळा वाचलं. मला अभिमान वाटला, भिंगरी. तू त्या गाडीत बसून वाऱ्यात निघाली होतीस आणि मी इथे बसून फुशारत होतो. हे लिहिताना माझी मला किळस येतेय.

मग तुला शिवणयंत्राचं लिहिलं. तू चिडून माझं ऐकशील असं वाटलं. गाढवपणा.

सगळ्यांनी मला खोटा म्हटलं असतं तरी चाललं असतं. तू म्हणशील याची भीती होती. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

मामा


७ एप्रिल

मामा,

मामी शुक्रवारी दुपारी दुकानात आली. पत्र दिलं आणि मी वाचून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. तिला हे तीस वर्षं माहीत होतं का, असं मी विचारलं. नव्हतं. तिला तू गुरुवारी सांगितलंस.

गाडी घेतली नाही. डॉक्टरला सांगितलं की घरी अडचण आहे. न मागता त्यानं इसार परत केला आणि वर विचारलं, काही मदत लागली तर सांगा. मान खाली घालून आले.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही कारण जे लिहिलं असतं ते तुझ्याच्यानं वाचवलं नसतं. मला राग जोडल्याचा कमी आहे. तरुणपणी माणूस माजतो. मला राग काडीचा आहे. स्वतःचं काम अजून टिकलंय का हे बघायला तू मला पाठवलंस, आणि मी फटीत काडी घालून, तुझं कौतुक करत, गावभर सांगत सुटले. लेकीला शेजारी बसवून चालवली मी ती. ते तुझ्या डोळ्यांपुढे आलं नाही का? आलं असेल तर तू थांबलास कसा? आणि नसेल आलं तर आणखीच वाईट.

टेबलावरचा कागद मी काढलेला नाही. काढायला गेले होते. दुकानातल्या थोरल्या बाईंनी हात धरला. म्हणाल्या, वाक्य चुकीचं नाहीये.

आता ऐक. डॉक्टरला मी खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काल एक नवरा-बायको गाडी बघून गेलेत. मी नाही घेतली तर ते घेतील, आणि त्यांना मामा नाहीये. डॉक्टरला हे तू सांगायचंस. पत्राने नाही, स्वतः येऊन. गुरुवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा वाजता मी डॉक्टरच्या फाटकापाशी उभी असेन. मी तुझ्याबरोबर आत येईन, पण बोलणार नाही. तोपर्यंत गाडी कुणाला दाखवू नका, एवढं मात्र मी डॉक्टरला सांगितलंय.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरी,

सतरा तारखेचं तुला माहीतच आहे, तू शेजारी होतीस. डॉक्टर मला हाकलेल अशी तयारी करून आलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा विचारला. तो माणूस आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणत आलाय, त्यामुळे समोरच्याला लाज कशी वाटते हे त्याला ठाऊक असावं. गाडी विकायची नाही, मोडायची, हे त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. तू गेल्यावर मी म्हटलं, मी जोडली, मीच सोडवतो. मामीने हत्यारं बसने पाठवली आणि मी आठ दिवस त्याच्याकडेच राहिलो.

मजेत गेले, खोटं कशाला बोलू. मला ऐकू येत नाही म्हणून तो जुन्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर लिहून दाखवायचा, औषधांच्या त्या. त्याचं अक्षर मला लागेना, तेव्हा त्यानं मोठी छापील अक्षरं काढायला सुरुवात केली. चाकांच्या तारा मी वाकड्या काढल्या की ओरडायचा. माझे दात बघून म्हणाला, तुम्ही पत्रा जेवढा घासलात त्याच्या निम्मे दात घासले असते तर बरं झालं असतं. गाडीचं इंजिन, चाकं, दिवे, सगळं नीट सोडवून त्यावर चिठ्ठ्या लावल्या. ज्यांना अशा गाड्या दुरुस्त करायच्यात त्यांना डॉक्टर ते देणार आहे.

मग खालचा काळा थर खरवडला आणि माझे चार जोड उघडे पडले. मधला बोगदा ठणठणीत. फरशीही ठणठणीत, इतकी की कापताना दोन पाती मोडली. उजवी पेटी उघडली, आत गंज, पण पत्रा शिल्लक होता. डॉक्टर विजेरी धरून उभा होता आणि थट्टा चालली होती. मग डावी उघडली.

आत काही नव्हतं, भिंगरी. माझा जोड पूर्ण खाल्ला गेला होता. बाहेरून रंग, खालून काळा थर, आणि त्या दोन्हींच्या मधे नुसती लाल भुकटी. मी बोटानं दाबलं तर बोट आरपार गेलं. घाटातला एक खड्डा पुरला असता. एवढंच लिहितो, बाकीचं तू समजशील.

डॉक्टरने विजेरी खाली ठेवली. मग चिठ्ठी घेतली आणि लिहून माझ्यापुढे धरली. मोठ्या छापील अक्षरांत नव्हतं, त्याच्या नेहमीच्या अक्षरात होतं, तरी मला लागलं. "आमची ही बावीस वर्षं डावीकडेच बसायची."

त्याची बायको सात वर्षांपूर्वी आजारानं गेली, गाडीनं नव्हे. ते त्यानं नंतर लिहिलं, मला धीर द्यावा म्हणून. त्यानं मला धीर दिला, बघ. मी त्याला काहीच देऊ शकलो नाही. हात जोडले. त्यानं ते सोडवले आणि माझ्या हातात पुन्हा करवत दिली.

तू मला विचारलंस, लेक शेजारी बसलेली डोळ्यांपुढे आली नाही का. आली. पहिल्या दिवसापासून आली. तरी मी तीन आठवडे काढले, कारण मला खात्री होती की माझा जोड सुटणार नाही. माझं काम सुटतं हे मी आयुष्यात कधी धरूनच चाललो नव्हतो. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, आणि ते तू विचार केलेल्या दोन्हींपेक्षा वाईट आहे.

त्या जातीची आणखी एक गाडी विकायला आली तर डॉक्टर तुला कळवणार आहे. मी मात्र आता कुणाला सल्ला देणार नाही. तू चांगला माणूस बघ, तुझा तो मेकॅनिक हुशार आहे.

मामा


३ मे

मामा,

तुझं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं. डाव्या पेटीपर्यंत आल्यावर मला पुढे वाचता येईना, तिनं वाचलं.

आज डॉक्टरचा फोन होता. एक गाडी निघालीय, निळी. मालकीण म्हातारी आहे, दुरुस्तीच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात, आणि दोन्ही बाजूंचे कोरडे फोटो आहेत. दहा तारखेला शनिवारी बघायला जायचंय. डॉक्टर येणार म्हणतो, त्याला चाकांच्या तारा बघायच्यात. माझा मेकॅनिक हुशार आहे हे खरं, पण त्या हुशार माणसानं खालून उचलून, हात फिरवून तिला पास केली होती. कुठे बघायचं हे त्याला माहीत नाही. ते फक्त जो लपवून बसला होता त्यालाच माहीत आहे.

तेव्हा नखरे न करता शुक्रवारच्या बसमध्ये बस. विजेरी आण, आरसा आण, जुने कपडे आण, कारण तू खाली झोपून बघायचंस, प्रत्येक पेटीच्या आत आरसा घालून. आणि जे दिसेल ते त्याच मिनिटाला मोठ्यानं सांगायचं, मग ते कुणाचंही काम असो.

मी अजून रागावलेलीच आहे. पण तुझ्याशिवाय गाडी बघायला जाणार नाही.

भिंगरी